१९७२च्या अ‍ॅम्बेसेडरसाठी मूळ घडणीची चावी कशी मिळवावी?

दारव्हेकर (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९७२ सालची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू आहे. आजोबांनी घेतलेली ही गाडी वडिलांनी जपली आणि आता तिची देखभाल माझ्याकडे आली आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग सारे ठीक आहे. अडचण चावीची आहे. इग्निशनची एकच मूळ चावी उरली असून तिचे दात इतके झिजले आहेत की पूर्ण आत घातल्यावर ती फिरत नाही. किंचित बाहेर ओढून वर उचलून धरली, तरच फिरते. दाराची आणि डिकीची चावी कित्येक वर्षांपासून नाही. तालुक्याच्या ठिकाणी मशीनवर डुप्लिकेट करून घेतली, पण ती कुलपात जाते आणि जागची हलत नाही.

एका मेकॅनिकने बाजारात मिळणारा नवा स्विच बसवून घ्या, असे सुचवले आहे. काम लवकर होईल हे मला कळते, परंतु डॅशबोर्डावरचे मूळ कुलूप काढून टाकायला मन धजत नाही. त्याच कुलपाला चालणारी, त्या काळच्या घडणीची पितळी चावी मला हवी आहे. ती कोठे मिळेल, आणि हे काम जाणणारा कारागीर कसा ओळखावा?

कानस (मूर्तिजापूर)

दारव्हेकर भाऊ, मूळ कुलूप मुळीच काढून टाकू नका. आमच्या घरी दोन पिढ्या चाव्या घडवण्याचे काम चालते, त्यावरून सांगतो. आपली डुप्लिकेट चालली नाही यात नवल नाही, कारण मशीन समोरच्या चावीची नक्कल करते आणि आपल्या चावीत पन्नास वर्षांची झीज आहे. ती झीज तर नव्या चावीत उतरलीच, शिवाय मशीनची स्वतःची थोडी तफावत तीत मिसळली. अशा वेळी चावीवरून चावी करू नये, कुलपावरून करावी.

या काळच्या मोटारींच्या कुलपात एक नळकांडे असते आणि त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला मधोमध चौकोनी खिडकी आणि बाजूला अगदी बारीक स्प्रिंग असते. योग्य चावी आत गेली की प्रत्येक पट्टी आपापल्या खाचेवर टेकून नळकांड्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत येते आणि मगच नळकांडे फिरते. एखादी पट्टी जराशी वर किंवा खाली राहिली, तरी ती बाहेरच्या कवचात अडकते. खाचांच्या खोलीच्या ठरावीक पायऱ्या असतात आणि दोन पायऱ्यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतर असते. म्हणून झिजलेल्या चावीची खाच मोजताना माप दोन पायऱ्यांच्या मध्ये आले, तर मूळ खाच कमी खोल पायरीची होती असे धरावे, कारण झिजेने धातू कमीच होतो, वाढत नाही. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने हे जमत नाही. व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक माप घेण्याचे साधन, लागते.

याहून खात्रीचा मार्ग नळकांडे बाहेर काढण्याचा. आधी बॅटरीची अर्थची वायर सोडवावी. जुन्या ल्युकास (मोटारींचे विजेचे भाग बनवणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या अनेक स्विचांच्या अंगावर एक बारीक छिद्र असते; चावी थोडी फिरवून त्या छिद्रातून तार घातली आणि आतली खुंटी दाबली, की नळकांडे चावीसकट पुढे सरकते. त्यासाठी फिरणारी चावी हाताशी असावी लागते आणि ती आपल्याकडे आहे, तेव्हा ती पूर्ण निकामी होण्याआधीच हे काम उरकून घ्या. नळकांडे हातात आले की नव्या चावीवर कोणती पट्टी किती बाहेर राहते ते प्रत्यक्ष पाहून कानस चालवता येते. त्याच वेळी कुलपाच्या तोंडावर आणि नळकांड्याच्या अंगावर अक्षरे-आकडे ठोकलेले आहेत का, हे भिंगाने तपासा. ब्रिटिश धाटणीच्या जुन्या मोटारींत चावीचा क्रमांक कुलपावर ठोकण्याची पद्धत होती. तो सापडला तर त्या मालिकेच्या कोष्टकावरून, म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या चावीची कोणती खाच किती खोल हे दाखवणाऱ्या तक्त्यावरून, चावी कारखान्यातून निघाली तशी कापता येते.

दाराला आधी हीच नवी चावी लावून पाहा. पुष्कळ गाड्यांत इग्निशन आणि दार यांना एकच चावी असे. नाही लागली, तर ठसा घ्यावा लागेल. कोरी चावी दिव्याच्या काजळीवर धरून काळी करतात, कुलपात घालून दोन्ही बाजूंना हलका ताण देतात आणि हळूच बाहेर काढतात. जेथे पट्टी अडली, तेथे काजळी पुसली जाऊन पितळेचा एक चकाकता ठिपका दिसतो. त्या जागी कानशीचा हलका हात फिरवायचा, पुन्हा काजळी धरायची, पुन्हा कुलपात घालायची. आपण कारागीर कसा ओळखावा असे विचारले आहे. जो ठिपका पाहण्यासाठी चावी उजेडाकडे धरतो त्याच्याकडे काम द्या, आणि जो कुलपात पकडीने जोर लावतो त्याच्या हाती जुने कुलूप देऊ नका. जाताना आरसी बुक सोबत ठेवा, कारण जबाबदार कारागीर गाडी कोणाची आहे हे विचारतोच.

वर्धामाई (हिंगणघाट)

माझे मत थोडे वेगळे आहे. चावी झिजली तशा आतल्या पट्ट्याही झिजलेल्या असणार आणि नवी चावी ती झीज भरून काढू शकत नाही. गाडी नेहमी बाहेर न्यायची असेल, तर नवा स्विच बसवून मूळ स्विच कापडात गुंडाळून जपून ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते. रात्री आडरस्त्यावर चावी फिरली नाही, तर घरच्या माणसांचे हाल होतात. जाता जाता एक सांगते: २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील गाडीची विंटेज म्हणून दहा वर्षांसाठी नोंदणी करता येते. आपली गाडी वयाने त्यात बसते, मात्र अशी नोंदणी केल्यावर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

कानस (मूर्तिजापूर)

ताई, पट्ट्यांच्या झिजेबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. परंतु त्या सुट्या असतात. त्याच जातीच्या मोडक्या कुलपातील चांगल्या पट्ट्या काढून बसवता येतात. एक खबरदारी मात्र घ्यावी. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार, त्यामुळे कुलपात तेल सोडले की काही महिन्यांत आत चिकट गाळ धरतो. मऊ शिशाची पेन्सिल चावीच्या दोन्ही अंगांवर घासली तरी पुरते. ग्रॅफाइटची पूड इग्निशनमध्ये ओतू नये, कारण तिच्यातून वीज वाहते आणि मागे स्विचचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी टोके, असतात.

बर्डीवाला (नागपूर)

मी कोऱ्या चावीपुरते लिहितो. ब्लँक घेताना चुंबक सोबत ठेवावे. लोखंडी ब्लँक चटकन चिकटते. पितळी ब्लँकवर निकेलचा पातळ मुलामा असला तरी ती तशी चिकटत नाही. लोखंडी चावी पितळेच्या पट्ट्या खाऊन टाकते, म्हणून ती स्वस्त मिळाली तरी नको. मुठीवरचा छापही पाहावा: जुन्या मालावर अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, नकलेत त्या पसरट आणि बसक्या दिसतात.

अ‍ॅम्बेसेडरचा कारखाना पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याला होता आणि उत्पादन २०१४मध्ये थांबले. तरी कोलकात्याच्या मल्लिकबाजारात या गाडीचा जुना माल शोधण्यात अर्थ आहे. बडनेऱ्याहून हावड्याला थेट गाड्या आहेत. मात्र तेथे नंतरच्या वर्षांतील टॅक्सींचा माल अधिक असणार आणि त्यांचे कुलूप आपल्या गाडीला जुळेलच असे नाही. म्हणून जुनी चावी सोबत न्यावी आणि ब्लँकच्या अंगावरील लांब चर तिच्याशी जुळवूनच पैसे द्यावेत. दात नंतर कापता येतात, चर बदलता येत नाही.

दारव्हेकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. बॅटरीची वायर सोडवून कुलपाचे तोंड कापडाने पुसले आणि भिंगाने पाहिले. दोन अक्षरे व पुढचे दोन आकडे स्पष्ट वाचता येतात. शेवटचा, तिसरा आकडा पूर्ण घासला गेला आहे. आता या अर्धवट क्रमांकाचा उपयोग होईल का?

कानस (मूर्तिजापूर)

फार चांगला उपयोग होईल. शेवटचा आकडा शून्य ते नऊ यांपैकीच असणार, म्हणजे जास्तीत जास्त दहा चाव्या संभवतात. कोष्टकातील त्या दहांची मापे कागदावर लिहून घ्या आणि आपल्या जुन्या चावीची प्रत्येक खाच कॅलिपरने मोजून शेजारी मांडा. ज्या क्रमांकाची एखादी खाच आपल्या चावीतील खाचेपेक्षा स्पष्टपणे अधिक खोल असेल, तो क्रमांक सरळ बाद करा. बहुधा एकच क्रमांक उरेल. दोन उरले, तर दोन्ही चाव्या कापून लावून पाहता येतील, तेवढ्याने कुलपाला इजा होत नाही. जुळलेल्या क्रमांकाच्या दोन पितळी चाव्या करून घ्या. त्यांतील एक कधीही वापरू नका आणि पुढे लागणारी प्रत्येक चावी तिच्यावरूनच करा.