तैवानमधली स्कूटर: लायसन्स, पाऊस, अपघात... आपापले अनुभव लिहा

तैवानला नव्याने आलेल्या आपल्या लोकांचा हमखास प्रश्न, स्कूटर घेऊ का? तैपेईत मेट्रोवर छान भागतं, पण शिंचू, तैनानसारख्या शहरांत लॅबमधून रात्री उशिरा सुटलं की बसची वाट बघत बसावं लागतं. ज्यांनी इथे स्कूटर चालवलीय त्यांनी ऐकीव न सांगता स्वतःचं लिहा. मी सुरुवात करते.

माझ्या मते सगळ्यात आधी शिकायची गोष्ट म्हणजे डावं वळण. इथे वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून, आणि मोठ्या चौकात स्कूटरने थेट डावीकडे वळायचंच नाही. चौक सरळ ओलांडायचा, पलीकडे पांढऱ्या रेघांनी आखलेल्या चौकोनात थांबायचं, तोंड डावीकडे करायचं आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की निघायचं. सुरुवातीला वाटतं कशाला हा द्राविडी प्राणायाम, पण मागून गाड्या अंगावर येत असताना रस्त्याच्या मधोमध अडकून राहण्यापेक्षा हे शंभरपट बरं. आतल्या लेनवर पिवळ्या रंगात स्कूटरबंदी लिहिलेली असते, चिनी येत नसलं तरी ती चार अक्षरं ओळखायला शिकाच. आणि लाल सिग्नलला उजवीकडे पण वळता येत नाही.

शिंचूहून:
लायसन्सबद्दल लिहितो. ५० सीसीपर्यंतच्या गाडीला नुसती लेखी परीक्षा पुरते, पण सेकंडहँड बाजारात मिळतात त्या बहुतेक १२५ सीसी, म्हणून सरळ २५० पर्यंतचंच लायसन्स काढा. लेखी इंग्रजीत देता येते, पास व्हायला ८५ मार्क लागतात. खरी कसोटी मैदानावर. १५ मीटर लांबीची अरुंद पट्टी, ती कमीत कमी ७ सेकंद लावून पार करायची, पाय टेकायचा नाही, रेघेला चाक लावायचं नाही. जोरात जाणं कुणालाही जमतं हो, हळू जाणं अवघड! थ्रॉटल एकसारखा धरायचा, मागचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा आणि नजर लांब ठेवायची, पुढच्या चाकाकडे बघितलं की तोल गेलाच म्हणून समजा.

मी पण शिंचूचीच:
वाऱ्याचं कुणी लिहिलंच नाही! हिवाळ्यात ईशान्येचा वारा इतका असतो की पुलावर गाडी बाजूला ढकलली जाते. लोक जॅकेट उलटं घालतात, म्हणजे चेन पाठीकडे, म्हणजे छातीत वारा शिरत नाही, मीही तेच करते आणि खरंच फरक पडतो. पावसात पोंचो नको, वाऱ्याने फडफडून तोंडावर येतो, शर्ट-पँटवाला रेनकोट घ्या. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं, दोन्हींवर ब्रेक अजिबात मारू नका.

ताइचुंगहून:
मला एका उभ्या गाडीचं दार लागलं, ड्रायव्हरने मागे न बघताच उघडलं. हाताला प्लास्टर आलं, पण सांगायचंय ते पुढचं. ड्रायव्हर म्हणत होता पोलीस कशाला, आपसात मिटवू. मी ऐकलं नाही, ११० ला फोन लावला आणि तेच नंतर कामाला आलं. पोलिसांनी मोजमापं घेतली, फोटो काढले, दोघांनाही ब्रेथ टेस्टला फुंकायला लावलं. ७ दिवसांनंतर जागेचा नकाशा आणि फोटो मागता येतात, ३० दिवसांनंतर चूक कुणाची दिसते याचा प्राथमिक अहवाल. तो हातात आल्यावर ड्रायव्हरची भाषाच बदलली. मग आम्ही सरकारी समझोता समितीकडे गेलो, तिथे फी लागत नाही, भाषेसाठी लॅबमधला मित्र बरोबर आला होता, त्याचे उपकार मी विसरणार नाही. आणि एक, सक्तीचा विमा समोरच्याच्या आणि मागे बसलेल्याच्या दुखापतीसाठी असतो, आपणच एकटे घसरून पडलो तर त्यातून आपल्याला काही मिळत नाही. वरचा विमा घ्या, पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

तैपेईहून:
आम्ही गोगोरो घेतली, बॅटरीवरची. घरी चार्जिंग करायची भानगड नाही, स्टेशनवर जायचं, रिकाम्या बॅटऱ्या आत सरकवायच्या, भरलेल्या बाहेर येतात, तेवढ्या वेळात हेल्मेटही काढायला लागत नाही. शहरात उत्तम. डोंगरात जाणार असाल तर पुढचं स्टेशन किती लांब ते ॲपवर बघूनच निघा.

तैनानहून:
सगळे नियमांचंच बोलताहेत, थोडं सुखाचंही लिहूया का? ह्वालिएनहून ताइतुंगला ११ नंबरच्या हायवेने जा. डावीकडे पॅसिफिक, उजवीकडे डोंगर, वाटेत कर्कवृत्ताचा पांढरा स्तंभ आणि पुढे सानशिएनताई या छोट्या बेटाकडे जाणारा आठ कमानींचा पूल. कारमध्ये बसून हे कळणारच नाही, समुद्राचा खारा वास आणि उन्हाचा चटका दोन्ही अंगावर घ्यायला स्कूटरच हवी. पंप लांब लांब आहेत, तेव्हा टाकी अर्धी झाली की भरून घ्यायची. आणि अंधाराच्या आत मुक्कामाला पोचा.