जुन्या लोहारशाळेची दगडी भिंत फुगली आहे, कशी दुरुस्त करावी?

वाईकर
वाई तालुक्यातल्या गावची लोहारशाळा. काळ्या दगडाच्या तीन भिंती, पुढची बाजू उघडी, वर कौलं. भट्टीमागची भिंत मधोमध चार बोटं बाहेर आलीय. सांधे मागे कधीतरी सिमेंटनं भरलेत. गवंडी म्हणतो, जाळी ठोकून गिलावा मारू. आत अंधारही फार आहे. छपराला पारदर्शक पत्रा चालेल का?

चुनखडी
गिलावा नको, फुगवटा झाकला जाईल, थांबणार नाही. या भिंती दोन पदरी असतात, मधे माती आणि चिपांची भर. कौलातून गळलेलं पाणी भरीत उतरतं, सिमेंटमुळं त्याला बाहेर पडता येत नाही. माती फुगते, खाली बसते आणि बाहेरचा पदर ढकलते.
आधी गळती काढा. मग वाशांना टेकू देऊन फुगलेला भागच उतरवा, प्रत्येक दगडावर खडूनं नंबर घाला. रचताना दर थरात पाच फुटांच्या आत दोन्ही पदर जोडणारा एक तरी आरपार दगड हवाच. बहुधा तोच तिथं नसेल. सांध्यांना भिजवलेला चुना 1 भाग, वाळू 3 भाग. जुनं सिमेंट छन्नीनंच काढा, ग्राइंडरनं दगडाच्या कडा जातात. आणि हे काम दिवाळीनंतर. पावसाळ्यात चुना धरत नाही.

ऐरण_घण
भट्टी परत पेटवणार असाल तर पत्रा विसरा. अंधार मुद्दाम ठेवलेला असतो राव! उन्हात लालबुंद लोखंड काळपट दिसतं, मग ते जास्त तापवलं जातं आणि ठिणग्या फुटल्या की पोलाद जळालंच. पण कोयत्याला पाणी देताना, म्हणजे तापवून पाण्यात बुडवत धार कडक करताना, धारेवर चढणारा पिवळसर रंग उजेडातच कळतो; तो निळा झाला तर धार मऊ पडते. म्हणून भट्टी मागं, पाण्याची डोणी पुढं, ही मांडणी हलवू नका.
भट्टीमागं विटांचं अस्तर मातीत लावा. थेट जाळ लागला तर काळ्या दगडाचे पापुद्रे उडतात.

वाईकर
ऐरणीचं खोड कुजलंय, काँक्रीटमध्ये बसवू का?

ऐरण_घण
नको, घणाच्या दणक्यानं काँक्रीट फुटतं. बाभळीचं वाळलेलं खोड घ्या, दीड-दोन फूट जमिनीत गाडा, भोवती मुरूम ठोकून भरा. लोहार बसून काम करणार असेल तर ऐरण बुटकीच ठेवा. खोड हललं की ऐरण नाचते, निम्मा घाव वाया जातो.