अनुभव धागा: धंद्यातली लिखापढी

भाजणी:
माळा आवरताना आजोबांच्या किराणा दुकानाची खतावणी सापडली. लाल कापडी पुठ्ठा, पहिल्या पानावर 'श्री'. निम्मी नावं मोडीत, त्यामुळे कोण किती बुडवून गेलं ते कळायची सोय नाही :) आजोबा उधारी आधी गिऱ्हाइकाच्या वहीत मांडायचे, मग आपल्या, मग पुडी हातात. महिनाअखेरीला दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या, वाद मिटला. तुमच्याकडचे किस्से येऊ द्या.

मोडीवेडा:
फोटो टाका, वाचून देतो. रकमा झाका मात्र, इथल्याच कुणाचे तरी पणजोबा निघायचे.

बांधावरची:
कांद्याची पट्टी, म्हणजे बाजारातली विक्रीची पावती. 2016 पासून आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून कापायची नाही, तरी 'इतर' म्हणून कापलेली. सासऱ्यांनी काटापट्टी (वजनाची चिठ्ठी) आणि आधीच्या पट्ट्या तारेला टोचून ठेवलेल्या, अख्खी तारच आडत्याच्या काउंटरवर ठेवली. पैसे निमूट परत. चला, धारा काढायच्यात.

डबल_एंट्री:
भाजणी, आजोबा वकिलाला भारी पडले असते. कोर्टात नुसती आपली वही पुरत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो. मालाच्या उधारीला मुदत 3 वर्षं. ती संपायच्या आत बाकी मान्य असल्याची सही घेतली तर मुदत तिथून नव्याने. मार्चमध्ये येणे-बाकीच्या पत्रावर सही मागतो ती याचसाठी, लोकांना वाटतं छळतोय.

खमंग:
बाई फोनवर म्हणाल्या "शंभर-सव्वाशे मोदक". 125 केले तर म्हणे शंभरच सांगितले होते! आता व्हॉट्सॲपवर आकडा आल्याशिवाय उकड काढत नाही.

चकली:
खमंग, उरलेले 25 कुठे गेले? आम्ही काय मेलो होतो?

खमंग:
वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे खूश.

लेथवाला:
मोठी पार्टी चार महिने "चेक सहीला गेलाय". आपली नोंदणी लघुउद्योगात आहे. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. पण माल पोचला हे दाखवायला चलनावर (मालासोबतच्या कागदावर) त्यांच्या गेटचा शिक्का हवा. आमचा ड्रायव्हर शिक्का घेतल्याशिवाय ताडपत्री सोडत नाही.

चकली:
आणि पेट्रोलची बिलं? वर्षात कोरी होतात.

डबल_एंट्री:
त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

चकली:
आमच्या यांनी जपायची म्हणून लॅमिनेट केली. काळी ठिक्कर!