नवीन पार्लर: पहिल्यांदा आलेल्या बायका परत येत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो,

कराडला विद्यानगरच्या बाजूला मी गुढीपाडव्याला लेडीज पार्लर सुरू केलं. आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स केला होता, मग पुण्यात एका मोठ्या सलोनमध्ये चार वर्षं काम केलं. सरकारच्या मुद्रा योजनेच्या किशोर गटातून दोन लाखांचं कर्ज घेतलं. दोन खुर्च्या, एक फेशियल बेड, केस धुवायचं बेसिन, आणि हाताखाली एक मुलगी, एवढा पसारा आहे.

भाडं ९,०००, हप्ता साडेचार हजारांच्या आसपास, मुलीचा पगार ७,०००, शिवाय लाइटबिल आणि सामान. महिन्याला २६,००० जमले की मी बरोबरीत येते. पहिल्या महिन्यात ३१,००० जमले होते, गेल्या महिन्यात १९,०००. आता पितृपक्ष चालू आहे, दुपारी तीन-तीन तास कुणी फिरकत नाही.

उद्घाटनाला पंधरा दिवसांची ऑफर ठेवली होती. थ्रेडिंग १० रुपयांत, फेशियल निम्म्या दरात. तेव्हा बाहेर चपला ठेवायला जागा नव्हती. आलेल्या प्रत्येकीचं नाव, नंबर, काय केलं आणि किती घेतले हे मी वहीत लिहिते. परवा रविवारी वही घेऊन बसले आणि मोजलं. ऑफरमध्ये २१४ जणी आल्या होत्या. त्यातल्या पुन्हा आलेल्या ३७. तेव्हापासून झोप उडाली आहे.

हात चांगला आहे असं मला मनापासून वाटतं. आयब्रोचा आकार बिघडला अशी एकही तक्रार नाही. मग या बायका गेल्या कुठे? हॉस्टेलच्या मुली येतात, पण सुट्ट्या लागल्या की गावाला जातात. आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या बायकांची पार्लरवाली वर्षानुवर्षं ठरलेली आहे. शेजारच्या गल्लीत थ्रेडिंग ४० रुपये आहे, माझ्याकडे ५०. मीही ४० करू का? मधे एका ऑनलाइन जाहिरातवाल्याने ६,००० घेऊन महिनाभर रील्स टाकल्या. फॉलोअर वाढले, पण कराडमधलं त्यात कुणीच नाही. आता तशा खर्चाला पैसे नाहीत. रोज ठरलेल्या सात-आठ जणी येतील असं गिऱ्हाईक कसं बांधायचं, हे अनुभवातून कुणी सांगेल का?

प्रतिसाद, नाशिकहून (पार्लरला २२ वर्षं)

अगं, आधी तो ४० चा विचार डोक्यातून काढ. दहा रुपयांसाठी आलेली बाई दहा रुपयांसाठीच जाते. तू १० रुपयांत थ्रेडिंग केलंस तेव्हा तिच्या मनात तुझा दर १० च बसला. पुढच्या वेळी ५० सांगितलेस, तर तिला ते महाग वाटणारच.

आता ती वही उघड. थ्रेडिंग हा पार्लरचा उंबरा आहे. भुवया पंधरा-वीस दिवसांत वाढतात, वॅक्स तीन-चार आठवड्यांत, रंग लावणारीचा भांग महिन्याभरात पांढरा दिसायला लागतो. म्हणजे कुणाला कधी गरज पडणार ते तुला तिच्याआधी कळतं. बाई खुर्चीतून उठायच्या आत पुढची तारीख तोंडी सांग, आणि अठराव्या दिवशी एक फोन कर. मेसेज नको, फोन. "काकू, आयब्रो वाढल्या असतील, शनिवारी दुपारी मी मोकळी आहे," इतकंच बोल.

दुसरं, वहीत पैशांपलीकडचंही लिही. केसांना कोणत्या नंबरचा शेड लावला, रंगात मिसळायचं डेव्हलपर किती व्हॉल्यूमचं (म्हणजे किती तीव्र), कोणत्या वॅक्सने पुरळ आलं, मुलगी दहावीला आहे का. पुढच्या खेपेला ती बसल्या बसल्या "मागे चार नंबर लावला होता, आता मुळांनाच लावूया का?" असं विचारलंस की बघ. ज्या बाईला आपल्या केसांचा हिशेब दुसरं कुणी ठेवतंय हे कळतं, ती सहसा पार्लर बदलत नाही. आणि नवीन गिऱ्हाइकाला रंग लावण्याआधी कानामागे थोडासा लावून पॅच टेस्ट करून, ॲलर्जी येते का ते बघायला दोन दिवसांनी बोलाव. बायकांना हे खटकत नाही, उलट विश्वास बसतो. शिवाय दोन दिवसांनी ती पुन्हा दारात येतेच.

प्रतिसाद, साताऱ्याहून (मी पार्लरवाली नाही, गिऱ्हाईक आहे)

आम्ही परत का जात नाही ते सांगते, राग मानू नका. माझ्या जुन्या पार्लरमध्ये थ्रेडिंगचा धागा दातात धरायच्या. मला ते सहन व्हायचं नाही, पण तोंडावर बोलता यायचं नाही. आताची ताई धागा मानेला अडकवते. तसंच वॅक्सचं: एकीच्या पायाला लावलेली पट्टी दुसरीच्या हाताला दिसली तर मी गुपचूप पैसे देते आणि पुन्हा त्या दारात पाय ठेवत नाही.

सगळ्यात नकोसं वाटतं ते "मॅडम, चेहऱ्यावर टॅन किती झालाय, फेशियल करून घ्या ना." मी ५० रुपयांच्या आयब्रोसाठी दिवसभराची कामं उरकून आलेली असते. आरशासमोर बसवून आपल्याला कुणी असं म्हटलं की मन खट्टू होतं. मी विचारलं तर जरूर सांगा.

धागाकर्ती

ताई, राग कसला, तुमचे उपकारच आहेत. धागा आम्ही मानेलाच बांधतो आणि पट्ट्या एकदाच वापरतो, पण टॅनचं वाक्य आमच्याकडे रोज बोललं जातं. पुण्यात आम्हाला महिन्याचं टार्गेट असायचं, तिथे ते वाक्य तोंडात बसलं आणि मीच ते हाताखालच्या मुलीला शिकवलं. आजपासून बंद. ऑफरमधलं आणखी एक आठवतंय. पाऊण तासाचं फेशियल मी पंचवीस मिनिटांत उरकत होते, कारण बाहेर सहा जणी बसलेल्या होत्या. फेशियलवाल्यांतली जवळजवळ कुणीच परत आलेली नाही.

प्रतिसाद, सांगलीहून

पैसे न घालता दोन गोष्टी करा. गूगल मॅप्सवर पार्लरची नोंद फुकट होते, वेळा आणि आतले खरे फोटो टाका, आणि खूश होऊन निघालेल्या बाईला तिथेच दोन ओळी लिहायला सांगा. आणि व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. त्यात एकच मेसेज अनेकींना पाठवायची ब्रॉडकास्ट यादी असते, एका यादीत २५६ जणीच मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून बिल देतानाच त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करून घ्या.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, त्याआधी नवऱ्या धरा. एक नवरी आली की आई, करवल्या, मावशा, सोबत आलेली नणंद, सगळ्या तिच्यामागून येतात. नऊवारी नेसवता येत असेल, खोपा घालता येत असेल तर पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा, तेवढ्यासाठी लोक लांबून येतात. संक्रांतीला माझ्या बहिणीने वेगळंच केलं. सोसायटीतल्या चार घरांना हळदीकुंकवाचं वाण म्हणून एका थ्रेडिंगची कुपनं दिली. लुटणाऱ्या बायकांचा खर्च वाचला, आणि रथसप्तमीपर्यंत तिच्याकडे नवीन चेहऱ्यांची रीघ होती. बायकांना ती ऑफर वाटली नाही, शेजारणीने दिलेलं वाण वाटलं. बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीलाही जाऊन या, नुसत्या ओळखीसाठी.

धागाकर्ती (आठ दिवसांनी)

वहीतल्या ४० जणींना फोन केले. पहिल्या दोन-तीन फोनना हात थरथरत होता. अकरा जणी येऊन गेल्या, पाच जणींनी घटस्थापनेच्या आदल्या दिवसाची वेळ घेतली. एक काकू थ्रेडिंग झाल्यावर आरसा खाली ठेवून म्हणाल्या, "त्या दिवशी तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस गं." मी त्यांची माफी मागितली. जाताना त्यांनी भाचीचा नंबर दिला, तिचं लग्न डिसेंबरात आहे.

त्यावरूनच पुढचं विचारायचं आहे. नवरीच्या पॅकेजला तुम्ही ॲडव्हान्स किती घेता? आणि लग्नाची तारीख पुढे गेली, तर तो परत देता की नव्या तारखेला धरता? भाची रविवारी आईला घेऊन येणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.