क्लब हाऊसच्या वायफायबाबत

ए-३०२ : सचिव साहेब, सस्नेह नमस्कार. क्लब हाऊसचे वायफाय पुन्हा चालेनासे झाले असून काल माझ्या मुलीची ऑनलाइन मुलाखत मध्येच तुटली. गेल्या सभेत या विषयावर काय ठरले होते, हे येथे लिहिण्याची वेळ माझ्यावर आणू नये, ही विनंती.

सी-१०१ : १०० एमबीपीएसचे कनेक्शन पुरत नाही, ३०० चे घ्यावे, हे मी गणपतीच्या वर्गणीच्या वेळीच सांगितले होते.

सचिव : ताई, तसदीबद्दल दिलगीर आहे. मात्र मी आत्ता क्लब हाऊसमध्येच बसलो आहे आणि माझ्या मोबाइलवर सर्व सुरळीत चालू आहे, त्यामुळे दोष आपल्या फोनचा असू शकतो.

ए-३०२ : फोन माझा, लॅपटॉप मुलीचा आणि टॅब सासूबाईंचा. तिन्ही एकाच दिवशी बिघडले असे आपले म्हणणे असेल, तर ते इतिवृत्तात नोंदवावे.

बी-५०४ : दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. कृपया दोघांनीही वायफायच्या तपशिलात जाऊन आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवर आपल्या उपकरणाला मिळालेला क्रमांक) आणि गेटवे (ज्या यंत्रातून इंटरनेटवर जायचे, त्याचा क्रमांक) पाहून येथे लिहावा.

सचिव : १९२.१६८.१.२३, गेटवे १९२.१६८.१.१.

ए-३०२ : १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१.

डी-२०३ : माझ्या घरच्या टीव्हीचा अ‍ॅड्रेसही १९२.१६८.१.२३ आहे! सचिव साहेब आमच्या टीव्हीत कसे?

बी-५०४ : नाना, काळजी नसावी. १९२.१६८ ने सुरू होणारे अ‍ॅड्रेस खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून ते घरोघरी तेच असतात. आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे अशा चार आकडी अ‍ॅड्रेसच्या पद्धतीत, एकूण सुमारे ४२९ कोटीच अ‍ॅड्रेस बसतात. त्यामुळे घरातील सर्व उपकरणांना राउटर एकाच सार्वजनिक अ‍ॅड्रेसवरून बाहेर नेतो, ज्याला नॅट म्हणतात.

आता मूळ मुद्दा. फोन वायफायला जोडला की तो संपूर्ण नेटवर्कवर विचारतो की मला अ‍ॅड्रेस कोण देईल, आणि डीएचसीपी नावाची सेवा त्याला अ‍ॅड्रेस, त्याची मुदत, बाहेर जाण्याचा गेटवे आणि वेबसाइटचे नाव सांगून तिचा आयपी विचारण्याचे ठिकाण, म्हणजे डीएनएस, एवढे सर्व कळवते. दोन यंत्रांनी उत्तर दिले, तर फोन साधारणपणे आधी आलेले उत्तर धरतो. सोसायटीचा राउटर १९२.१६८ नंतर ‘१’ असलेले अ‍ॅड्रेस देतो, मग ताईंना ‘०’ चा अ‍ॅड्रेस देणारा दुसरा राउटर कोणीतरी जोडलेला आहे.

डी-२०३ : म्हणजे सोसायटीत दोन सचिव झाले आणि जो आधी ओरडेल त्याचे ऐकायचे. यात नवीन काय आहे?

सचिव : नाना, पद सांभाळायचे असल्यास निवडणुकीला उभे राहावे, अर्ज कार्यालयात उपलब्ध आहेत.

सी-१०१ : ३०० चे कनेक्शन घेतल्यास हा प्रश्न राहणार नाही.

बी-५०४ : काका, राहील. चुकीच्या गेटवेकडे गेलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, बाहेरच पडत नाही, मग वेग कितीही असो.

ए-३०२ : पण मुलाखत सुरू तर झाली होती.

बी-५०४ : वायफाय क्षणभर सुटून पुन्हा जोडले गेले असावे. त्या वेळी दुसऱ्या राउटरने अ‍ॅड्रेस दिला की चालू कॉल तुटतो. ताई, आपण ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून काय दिसते ते सांगावे.

ए-३०२ : एका राउटरचे लॉगिन पान उघडले आहे. शिवाय ट्रेडमिलच्या मागे पिवळ्या केबलला जोडलेला एक जुना राउटर आहे आणि त्यावर ‘बी-६०१’ असे स्टिकर आहे.

खजिनदार : तो राउटर व्यायामशाळेत वायफाय पोहोचावे म्हणून मी स्वतःच्या घरून विनामूल्य दिलेला आहे. सोसायटीचे पैसे वाचले, याचाही उल्लेख झाला असता तर बरे वाटले असते.

एफ-४०१ : मग गेटवरचे कॅमेरे कसे बंद पडले नाहीत?

बी-५०४ : त्यांना अ‍ॅड्रेस हाताने दिलेले आहेत, ते डीएचसीपीला विचारतच नाहीत. खजिनदार साहेब, राउटर काढण्याची गरज नाही. केबल लॅन पोर्टमध्ये (आतील नेटवर्कच्या खाचेत) आहे ती तशीच राहू द्यावी, फक्त त्यातील डीएचसीपी बंद करून त्याचा स्वतःचा अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.२ करावा. मुख्य राउटर १० पासून पुढचे अ‍ॅड्रेस वाटतो, त्यामुळे टक्कर होणार नाही. पुढे डीएचसीपी स्नूपिंग (अनधिकृत यंत्राने दिलेली डीएचसीपीची उत्तरे रोखण्याची सोय) असलेला स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारे यंत्र, घेतल्यास असा आगंतुक राउटर आपोआप अडवला जाईल.

सचिव : स्विचसाठी तीन कोटेशन लागतील.

खजिनदार : राउटरचा पासवर्ड आता माझ्या लक्षात नाही.

बी-५०४ : मग रीसेट करावा लागेल. मात्र रीसेटनंतर डीएचसीपी पुन्हा चालू होते, म्हणून आधी पिवळी केबल काढावी, लॅपटॉप थेट जोडून सेटिंग बदलावे आणि मगच केबल लावावी. मी आज येऊ शकतो.

खजिनदार : साडेसातनंतर यावे. त्याआधी व्यायामशाळेत महिलांची वेळ असते आणि किल्ली वॉचमनकडे आहे.