अ‍ॅलिस्टर मॅक्लीन: 'सँटोरिनी' रटाळ वाटलं, मग वाचायचं तरी काय?

पानवेडी:

'व्हेअर ईगल्स डेअर' हा सिनेमा मला अतिशय आवडतो. बर्फातला तो किल्ला, केबल कारच्या टपावरची मारामारी, आणि कोण कुणाचा हेर याचा शेवटपर्यंत न लागणारा पत्ता. तो लिहिणाऱ्या मॅक्लीनचं पुस्तक म्हणून वाचायचं ठरवलं आणि हाताला लागलं 'सँटोरिनी'. समुद्रात कोसळलेलं विमान, त्यात बॉम्ब, वर ज्वालामुखीची भीती. एवढा मसाला असूनही माणसं पानंच्या पानं बोलतच राहतात, आणि तीही सगळी एकाच सुरात. निम्म्यावर ठेवून दिलं.

पण या माणसाला युद्धकथांचा बादशहा म्हणणारे इतके लोक भेटलेत की सोडून द्यायला मन होत नाही. जाणकारांनी सांगा, कुठलं पुस्तक घेऊ? आणि हा स्वतः कधी युद्धावर होता का?

उत्तरवारा:

'सँटोरिनी' १९८६चं. फेब्रुवारी १९८७मध्ये मॅक्लीन म्युनिकमध्ये वारला, म्हणजे अगदी शेवटचा काळ. त्यावरून त्याला जोखू नका. थेट १९५५मध्ये जा आणि 'एचएमएस युलिसिस' घ्या. त्याचं पहिलं पुस्तक, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं.

युद्धावर होता का? होता. जन्म १९२२चा, ग्लासगोतला. वडील स्कॉटलंडच्या चर्चमध्ये पाद्री. बालपण इन्व्हरनेसजवळच्या डेव्हियट गावात गेलं, घरात गेलिक ही स्कॉटिश भाषा बोलायचे, इंग्रजी नंतरची. १९४१मध्ये रॉयल नेव्हीत भरती झाला. अधिकारी म्हणून नव्हे, साधा खलाशी म्हणून, टॉर्पेडोच्या कामावर. 'एचएमएस रॉयलिस्ट' या हलक्या क्रूझरवर (वेगवान युद्धनौका) त्याने आर्क्टिक पाहिला, मग भूमध्य समुद्र, मग अतिपूर्वेचा समुद्र. १९४६मध्ये सुटला, ग्लासगो विद्यापीठात इंग्रजी शिकला आणि शाळेत मास्तर झाला. १९५४मध्ये 'ग्लासगो हेरल्ड'च्या कथास्पर्धेत त्याच्या 'डिलीअस' या समुद्रकथेला १०० पौंडांचं बक्षीस मिळालं. ती वाचून कॉलिन्स प्रकाशनाच्या इयान चॅपमन यांनी त्याला गाठलं आणि कादंबरी लिहायला लावली. तीच 'युलिसिस'.

मी मालवाहू जहाजांवर इंजिन रूममध्ये नोकरी केली आहे, त्यामुळे हे पुस्तक मला जरा जास्तच लागतं, हे आधी सांगतो. यात खरा शत्रू जर्मन नाही. थंडी आहे, वारा आहे, आणि झोप न मिळणं आहे. सुरुवातच अशी की युलिसिस या युद्धनौकेवर बंड होऊन गेलंय, माणसं थकून मोडलीत, आणि शिक्षा म्हणून त्याच जहाजाला पुन्हा रशियातल्या मुर्मान्स्क बंदराकडे माल नेणाऱ्या ताफ्यासोबत पाठवलं जातं. डेकवर साचणारा बर्फ हे तिथे निसर्गवर्णन नसतं. वरचं वजन वाढलं की जहाज कलतं आणि पुन्हा सरळ होईलच याची खात्री उरत नाही, म्हणून खलाशी कुऱ्हाडी घेऊन तो फोडत असतात. ज्याने जहाजाचा रोल पायांखाली अनुभवलाय त्याला त्या ओळी वाचताना आपोआप कठडा धरावासा वाटतो.

आणि कॅप्टन व्हॅलेरी. क्षयाने पोखरलेला, रुमालात रक्त टिपणारा. एका रात्री तो आधाराने अख्खं जहाज फिरतो, खाली दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत जातो. भाषण ठोकत नाही, प्रत्येक ठिकाणी दोन शब्द बोलतो. खाली काम करणाऱ्याला हे काय असतं ते विचारा. वॉटरटाइट दारं बंद झाली की वर काय चाललंय ते फक्त आवाजावरून कळतं, आणि जहाजाला भोक पडलंच तर पाणी आधी तुमच्याकडे येणार असतं. तिथे कॅप्टन स्वतःच्या पायांनी उतरून येतो, तेव्हा कुठल्याही हुकमापेक्षा ते मोठं असतं. मॅक्लीन स्वतः खालच्या हुद्द्यावर राहिला होता म्हणून त्याला हे दिसलं. ब्रिजवरून, म्हणजे कॅप्टन उभा असतो त्या वरच्या मजल्यावरून, युद्ध पाहिलेल्या माणसाने हे प्रकरण लिहिलंच नसतं.

रॅल्स्टन नावाच्या खलाशाचं काय होतं ते इथे सांगत नाही. वाचा.

कडेकपार:

'युलिसिस' थोर आहे, मान्य. पण 'ईगल्स डेअर' आवडणाऱ्या वाचकाला पहिल्याच फटक्यात ते देऊ नका. सुरुवातीला जहाजांची, हुद्द्यांची इतकी नावं येतात की माणूस गोंधळतो, आणि पुढे दुःखावर दुःख.

पानवेडी, तुम्ही 'गन्स ऑफ नॅव्हरोन' (१९५७) घ्या. एजियन समुद्रात खेरॉस बेटावर १२०० ब्रिटिश सैनिक अडकलेत, सुटकेचा मार्ग नॅव्हरोनच्या दोन राक्षसी तोफांखालून जातो, आणि पाच माणसांनी कडा चढून त्या उडवायच्या आहेत. दोन्ही बेटं काल्पनिक आहेत, पण १९४३च्या शरदात त्या भागात ब्रिटिशांनी लेरॉससारखी बेटं खरोखरच गमावली होती. मॅलरी गिर्यारोहक, मिलर स्फोटकांचा उस्ताद, अँड्रिया धिप्पाड ग्रीक. माझा जीव मात्र तरुण स्टीव्हन्समध्ये अडकला. त्याला मरणाची भीती नाही, आपण घाबरलेले दिसू याची भीती आहे. साहसकथेत असा मुलगा कोण लिहितो?

१९६१चा सिनेमा पाहिला असला तरी वाचा. सिनेमात बेटावर मदतीला दोन स्त्रिया आहेत, पुस्तकात लूकी आणि पनायिस हे पुरुष. मॅलरी आणि अँड्रियामधलं वैर तर सिनेमावाल्यांनीच घातलं, पुस्तकात ते जिवलग मित्र आहेत. गंमत अशी की १९६८मध्ये मॅक्लीनने 'फोर्स १० फ्रॉम नॅव्हरोन' लिहिलं ते या सिनेमाचा पुढचा भाग म्हणून, स्वतःच्या पुस्तकाचा नव्हे. सुरुवातीलाच अँड्रियाचं लग्न लागतं, आणि वधू सिनेमातली मारिया!

पानवेडी:

दोघांचेही आभार. उत्तरवारा, 'युलिसिस'मधला ताफा खरा होता का? म्हणजे त्याने पाहिलेलंच लिहिलंय का?

उत्तरवारा:

ताफा काल्पनिक, पण त्यामागे पीक्यू-१७ या खऱ्या ताफ्याची सावली आहे. २७ जून १९४२ला आइसलँडहून ३५ व्यापारी जहाजं रशियाकडे निघाली. 'टिर्पिट्झ' ही जर्मन युद्धनौका चालून येतेय या समजुतीने ४ जुलैला लंडनहून अ‍ॅडमिरल डडली पाउंड यांनी ताफा विखरायचा हुकूम दिला. संरक्षक क्रूझर आणि विनाशिका पश्चिमेला वळल्या. व्यापारी जहाजं एकेकटी उरली आणि विमानांनी, पाणबुड्यांनी त्यांना गाठून मारलं. २४ बुडाली. टिर्पिट्झ त्यांच्यापर्यंत पोचलीसुद्धा नाही.

हे मॅक्लीनने पाहिलेलं नाही. रॉयलिस्ट नौदलात दाखलच झाली १९४३मध्ये. पण एप्रिल १९४४मध्ये नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये दडलेल्या त्याच टिर्पिट्झवर नौदलाच्या विमानांनी हल्ला केला, तेव्हा रॉयलिस्ट त्या ताफ्यात होती. आणि कादंबरीतली युलिसिस कुठल्या जातीची? सुधारित डायडो वर्गाची क्रूझर. रॉयलिस्टही तीच. म्हणजे घटना दुसऱ्यांच्या, पण जहाज त्याचं स्वतःचं. कुठली शिडी कुठे उतरते, कुठल्या कोपऱ्यात वारा सर्वांत जास्त झोंबतो, हे त्याला विचारावं लागलं नाही.

पुस्तक आल्यावर नौदलातल्या काहींना ते झोंबलं होतं, ब्रिटिश खलाशी बंड करतात हे दाखवलं म्हणून. मला उलट वाटतं. बंड केलेली हीच माणसं पुढे जे करतात, त्याने मान खाली जाते ती वाचणाऱ्याची.

कडेकपारशी एका बाबतीत सहमत: 'नॅव्हरोन' आधी वाचलं तरी बिघडत नाही. त्यानंतर 'नाइट विदाउट एंड' (१९५९) घ्या, ग्रीनलंडच्या हिमपठारावर कोसळलेलं विमान आणि प्रवाशांत लपलेले खुनी. थंडी लिहावी तर या माणसाने. मग 'फिअर इज द की' (१९६१), त्याची पहिली काही पानं श्वास रोखून वाचाल. 'आइस स्टेशन झेब्रा' (१९६३) पाणबुडीवरचं, बर्फाखालचं, तेही घ्या. यातले बरेचसे निवेदक 'मी' म्हणून बोलतात आणि महत्त्वाचं तेवढं वाचकापासून लपवून ठेवतात. ही युक्ती त्याला फार साधली.

कडेकपार:

आणि 'ईगल्स डेअर'चं पुस्तक (१९६७)? त्यांना तर तेच आवडेल.

उत्तरवारा:

आवडेल, पण सिनेमाइतकं नाही. ते आधी पटकथा म्हणूनच लिहिलं गेलं, रिचर्ड बर्टनच्या सिनेमासाठी, आणि मग कादंबरी झाली. वेग जबरदस्त, पण माणसं पातळ. माझ्या मते त्याचं लेखन तिथूनच बदललं. मधली काही वर्षं त्याने लिहिणं सोडून कॉर्नवॉलमधलं 'जमैका इन' चालवलं होतं. परतल्यावर प्रसंग कॅमेऱ्यासाठी रचायला लागला. 'बेअर आयलंड' (१९७१) मला अजून आवडतं, त्यात पुन्हा आर्क्टिकचा समुद्र आहे. पुढे मात्र धार बोथट होत गेली, आणि 'सँटोरिनी'त तुम्हाला तीच दिसली.

एक व्यवहारातली गोष्ट. 'द डार्क क्रुसेडर' आणि 'द सेटन बग' ही दोन त्याने इयान स्टुअर्ट या टोपणनावाने काढली होती. आता ती मॅक्लीनच्या नावानेच मिळतात, तेव्हा वाचनालयात 'एस'च्या कपाटात शोधू नका.

पानवेडी:

'नॅव्हरोन' आणि 'युलिसिस' दोन्ही मागवलीत. आधी 'नॅव्हरोन' वाचते. रॅल्स्टनपर्यंत पोचले की इथेच लिहीन.