शब्दचर्चा : मच्छी, नळी, वजडी, चान्या

(पुण्याहून)
परवा कॅम्पात मोठ्याचं मटण, म्हणजे बीफ, आणायला गेले होते. म्हटलं, चाचा, रश्श्यासाठी काहीतरी स्वस्तातलं द्या. ते म्हणाले, "मच्छी ले जाओ." मी म्हटलं, अहो मासे नकोत. त्यांनी वाकून स्वतःच्या पोटरीवर हात ठेवला, मग सुरीनं एक लांबट, दोन्ही टोकांना निमुळता गोळा उचलून दाखवला. खरंच माशासारखा. मराठीत याला काय म्हणतात? आणि वर्तमानपत्रात सरसकट छापतात ते 'गोमांस' या मांसाला चालतं का?

(मुंबईहून)
ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण ही चूक रोज होते. नाही चालत. राज्यात गायीच्या कत्तलीवर 1976च्या कायद्यानं बंदी होती, 2015च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेडा त्या बंदीत नाहीत. म्हणजे दुकानात मिळतं ते म्हशी-रेड्याचं. 'बीफ' या शब्दात आपल्याकडे गाय आणि म्हैस दोन्ही मावतात, 'गोमांसा'त म्हैस मावत नाही. ज्या शब्दावरून माणसाला मार बसू शकतो, तो तरी बातमीत नीट वापरावा. घरात आम्ही 'मोठ्याचं' म्हणतो, हिंदीतलं 'बडे का' तेच.

आता मच्छी. हा पोटरीचा स्नायू. दंड फुगवल्यावर जी बेडकुळी येते ना, तिथं आपल्या लोकांना बेडूक दिसला, खाटकाला पोटरीत मासा दिसला. दिवसभर चालून हा स्नायू राठ होतो, मध्येमध्ये पांढऱ्या पडद्यांच्या रेघा असतात. त्या बघून लोक नाक मुरडतात, म्हणून स्वस्त. पण सगळी चव त्या पडद्यांत आहे. मंद आचेवर अडीच-तीन तास ठेवा, पडदे विरघळतात आणि रस्सा बोटांना चिकटायला लागतो. कुकरमध्ये पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून पाऊण तास. घाई केलीत तर चामडं चावल्यासारखं लागेल. पीठ, खोबरं काही लावू नका, रस्सा आपोआप दाट होतो.

एक गंमत बघा. जनावर चालतंय तोवर पोटरी, ताटात आली की मच्छी. कास दुधाची, पण शेगडीवर भाजली की खिरी. काळीज तुटतं, तळतात ती कलेजी. मेंदूचा भेजा होतो. जिवंतपणी मराठी, दुकानात हिंदी-उर्दू, कारण विकणारे बहुतेक त्या भाषेत बोलतात. नळी तेवढी आपली राहिली. हॉटेलात 'नल्ली' म्हणतात, पण घरी ताटाच्या कडेवर आपटून मगज चोखायचा तो नळीतूनच.

(मडगावहून)
जीभसुद्धा राहिली. कोंकणीत जीब. आमच्याकडे मीठ लावून मुरवतात, उकडतात आणि गरम असतानाच वरची खरखरीत साल सोलतात. गार झाली की निघत नाही.

(हैदराबादहून)
इथं दुकानात 'बोटी' मागितलीत तर आतडी-कोठा मिळेल. मुंबईत बोटी म्हणजे मांसाचा तुकडा. मी पहिल्यांदा आलो तेव्हा किलोभर चुकीचं घेऊन घरी गेलो आणि आईला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, ही तर वजडी!" मग फोनवरच शिकवलं. चुन्याच्या पाण्यात बुडवायची, काळा पापुद्रा सुरीच्या पाठीनं खरवडायचा, पांढरी होईस्तोवर धुवायची. पहिलं उकळलेलं पाणी फेकायचं. नंतर कांदा-लसूण मसाल्यात सुकी. वजडीला 'ट्राइप' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, शब्द आहे आपल्याकडे, वापरा की.

(बीडहून)
चान्यांचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. हा शब्द कायम अनेकवचनी. एक चान्नी कुणी मोजत नाही. मांसाच्या बोटभर रुंद लांब पट्ट्या, मीठ लावून दोरीवर वाळवलेल्या. कडक झाल्या की तुकडे करून डब्यात. निखाऱ्यावर भाजायच्या किंवा डाळीत टाकायच्या, वरून येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याची पूड.

माझे आजोबा हा शब्द उच्चारत नसत. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं आणि आमच्या घरानं ते सोडलं. चान्या म्हटलं की त्यांना ते ओढून आणलेलं जनावर आठवायचं. त्यांचा अबोला मला कळतो. पण आजी दुकानातून विकत आणलेल्या मांसाच्या चान्या करायची आणि नाव तेच घ्यायची. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं, त्यात आमच्या चुलीवरचं हे सगळं पहिल्यांदा छापलेलं पाहिलं. म्हणून कुणी 'बीफ जर्की' म्हटलं की मला लागतं. शब्दाला लाज चिकटली होती, ती धुवायला वेळ लागला. आता शब्दच बदलू नका.

(पुण्याहून)
दादा, डाळीत घालण्याआधी चान्या भिजवायच्या का?

(बीडहून)
नाही ताई. आधी निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजा, चरबी तडतडली की पाट्यावर ठेचा, मग उकळत्या डाळीत. भिजवल्या तर भाजल्याचा वास जातो. आजी चार जादाच भाजायची, कारण डाळीपर्यंत पोचायच्या आत आम्ही पोरं त्या उचलायचो.